सासानी शिकारतबकं : मुकुटावरून राजा ओळखायचा की चांदीवरून?

द्रहम

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर इराणच्या सासानी काळातली (इ. स. २२४ ते ६५१) चांदीची तबकं पाहताना एक गोष्ट खटकते. खाली चिठ्ठी असते, "शापूर दुसरा, सिंहाची शिकार". तबकावर नाव तर कोरलेलं नसतं. मग राजा ओळखला कसा? मुकुटावरून. या घराण्यातला प्रत्येक राजा आपला वेगळा मुकुट घडवून घेई आणि नाण्यावर तोच मुकुट राजाच्या नावासकट छापलेला असे. नाणं शेजारी ठेवायचं नि तबक वाचायचं, अशी ही पद्धत. जर्मन कलाइतिहासकार कुर्ट एर्डमान यांच्यापासून ती चालत आलीय.

ढोबळ खुणा अशा. बहराम पहिला : सूर्यकिरणांसारखे टोकदार पट्टे. बहराम दुसरा : पंख. होर्मिझ्द दुसरा : चोचीत मोती धरलेला गरुड. शापूर दुसरा (३०९-३७९) : किल्ल्याच्या तटासारखे पायऱ्यापायऱ्यांचे कंगोरे नि वर तलम कापडात गुंडाळलेला केसांचा गोळा. अर्देशीर दुसरा : जवळजवळ साधी घुमटी टोपी. शापूर तिसरा : वरून सपाट, कडेने कमानींची ओळ. यज्दगर्द पहिल्यापासून कपाळावर चंद्रकोर येते. खुस्रो दुसऱ्याच्या (५९०-६२८) मुकुटावर पुन्हा पंख, त्यांच्यामध्ये कोर आणि तारा.

ही पद्धत कुठे फसते, यावर चर्चा हवी आहे. सुरुवात मीच करतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मेंढ्यांच्या शिकारीचं तबक आहे, २१.९ सेंमी व्यासाचं. संग्रहालय स्वतःच "पेरोझ किंवा कवाध पहिला" असं लिहितं. पेरोझ ४५९ ते ४८४, कवाध ५३१ पर्यंत. दोघांच्या मुकुटात कंगोरे, कोर आणि गोळा, सगळं सारखंच. म्हणजे मुकुट अगदी स्पष्ट दिसत असूनही पाऊणशे वर्षांची फट उरते.

---

प्रश्नांकित

मला आधी वस्तूच समजून घ्यायची आहे. फोटोत घोड्याची छाती, सिंहाचं डोकं पत्र्यातून चांगलं बाहेर आलेलं दिसतं. मागून ठोकून उठाव काढलाय का? आपल्याकडे देवाचे मुखवटे करतात तसा?

---

तांबटआळी

नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. मागून ठोकला असता तर तबकाच्या पाठीवर तेवढेच खळगे दिसले असते. या राजेशाही तबकांची पाठ मात्र साफ असते. मध्ये केंद्राचा टिंब, चरकावर (लेथवर) फिरवल्याची गोल रेघ आणि झाळून बसवलेली गोल बैठक, एवढंच.

काम साधारण असं चालतं. चांदीत थोडं तांबं घालून ओततात. निव्वळ चांदी मऊ पडते. ओतलेली जाड चकती ऐरणीवर ठोकत पसरवायची. ठोकून धातू ताठर झाला की ताव द्यायचा, मंद लाल होईपर्यंत, म्हणजे ६०० ते ६५० अंशांच्या आसपास. ताव चुकवून ठोकत राहिलं की कडेपासून चिरा आत शिरतात. ताव जास्त झाला तर कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. आकार आला की चरकावर कड आणि पाठ साफ करायची.

उठाव दोन तऱ्हांनी येतो. उथळ भाग आकृतीभोवतीची जमीन छिन्नीने खाली तासून काढतात, त्यासाठी चकती मुळात जाड ठेवावी लागते. जिथे खूप उंची हवी, म्हणजे राजाचं डोकं, घोड्याचा पुठ्ठा, जनावराचं अंग, तिथे वेगळा तुकडा येतो. हा तुकडा पातळ पत्र्यातून राळेवर ठोकून फुगीर केलेला असतो, आतून पोकळ. तबकावर त्याच्या बाह्यरेषेबरहुकूम तिरपी छिन्नी चालवून धातूचा बारीक ओठ उभा करतात. तुकडा त्या ओठात बसवायचा आणि ओठ त्याच्या कडेवर दाबून टाकायचा. हिरा कोंदणात बसवतात तोच प्रकार. डाक लावायची गरज नाही. शेवटी सांध्यावरूनच केस, वस्त्राच्या चुण्या, आयाळ अशा बारीक रेघा ठसवल्या की सांधा दिसत नाही.

बिघडतं कुठे? ओठ फार पातळ निघाला तर दाबताना तुटतो. तुकडा नेमका बसला नाही तर सांध्यात फट राहते, ओल आणि मीठ आत जातं आणि काही शतकांनी तुकडा सुटतो. तुकडे गळालेल्या तबकांवर नुसती खोबणीची बाह्यरेषा उरते, नि कामाची रीत कळायला तीच सर्वात उपयोगी. अखंड तबकात हे पाहायचं तर क्ष-किरण चित्र लागतं.

---

द्रहम

यावरूनच ब्रिटिश संग्रहालयातलं हरणाचं तबक आठवलं. राजा घोड्यावर नाही, थेट सांबराच्या पाठीवर बसलाय. एका हाताने शिंग धरलंय नि दुसऱ्या हाताने मानेत तलवार खुपसतोय. खाली दुसरं सांबर मरून पडतंय. मुकुट शापूर दुसऱ्याचा समजतात. तेही असंच तुकडे बसवून केलेलं आहे.

---

कसोटीदगड

तबकांवरच्या सोन्याच्या मुलाम्याबद्दल भर घालतो, कारण नकली माल पकडताना तोच पहिला साक्षीदार.

हा मुलामा पाऱ्याचा. सोन्याचा बारीक कीस पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करतात. पारा सोन्याच्या साधारण सहा ते आठपट. साफ केलेल्या चांदीवर हवा तिथे लगदा लावायचा आणि तापवायचं. पारा ३५७ अंशांना उकळतो. त्याच्या खालच्या तापमानावरही तो उडत राहतो, म्हणून घाई नसेल तर ताव मंदच ठेवतात. राहिलेलं सोनं फिकट, मातकट दिसतं. ते गुळगुळीत दगडाने घासलं की चमक येते. घाई केली तर फोड येतात, सोनं ठिपक्याठिपक्यांनी बसतं. वाफ विषारी असते हे वेगळं सांगायला नको.

मुलामा सगळीकडे नसतो. चांदी आणि सोनं आळीपाळीने दिसलं की आकृती उठून दिसते, त्यासाठीच तो राखून लावतात. तिसरा रंग काळा, चांदी आणि गंधकाचं भरण. मेंढ्यांच्या तबकावर ते आहे. निव्वळ चांदी-गंधकाचं भरण पातळ होऊन वाहत नाही, ते साधारण ६०० अंशांना मऊ करून खोबणीत दाबावं लागतं. तेवढ्या तावात आधी दिलेला मुलामा चांदीत मुरून फिका पडेल. त्यामुळे भरण आधी, मुलामा नंतर, हाच क्रम सोयीचा.

---

प्रश्नांकित

म्हणजे पारा सापडला की तबक खरं?

---

कसोटीदगड

तेवढ्यावर नाही. पारा नाही आणि सोनं एकसारखं पातळ पसरलंय, तर ते विजेवरचं काम, म्हणजे १८४० च्या दशकानंतरचं. पण पारा आहे म्हणून जुनं, असं उलट म्हणता येत नाही. पाऱ्याचा मुलामा पुढेही शेकडो वर्षं चालला आणि हुशार नकल्याला हे माहीत असतं.

मग धातूकडे वळायचं. जुनी चांदी शिशाच्या खनिजातून काढलेली. शिसं जाळून चांदी वेगळी केली तरी सोन्याचा अंश, थोडं शिसं आणि इरिडियमसारख्या धातूचा लवलेश मागे राहतो, कारण जुन्या शुद्धीकरणात ते निघत नाहीत. आजची विजेने शुद्ध केलेली चांदी इतकी स्वच्छ की त्यात सोनं जवळजवळ नसतंच. कॅडमियम दिसलं तर प्रश्नच मिटला. ते झाळात गेल्या दोन शतकांत आलं.

पीटर मेयर्स यांनी न्यूट्रॉन सक्रियणाने (न्यूट्रॉनचा मारा करून धातूतले सूक्ष्म अंश मोजण्याची पद्धत) अनेक तबकांची चांदी तपासली. नमुना लागतो काही मिलिग्रॅम. प्रूडन्स हार्पर यांच्यासोबतचं हे काम १९८१ साली छापलं गेलं. त्यातून निघालेलं महत्त्वाचं म्हणजे, राजाच्या मुकुटाशी आणि ठरावीक शैलीशी जुळणाऱ्या तबकांची चांदी आपसात बरीच एकसारखी होती. जणू एकाच साठ्यातून आलेली. शैलीने ढिली, मुकुट चुकलेली तबकं मात्र या गटाबाहेर पडतात. "राजाच्या ताब्यातलं उत्पादन" हा नुसता अंदाज होता, त्याला इथे धातूचा आधार मिळाला.

एक खबरदारी. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने वरवर मोजून निकाल देऊ नये. जुन्या चांदीच्या पृष्ठभागावरचं तांबं गंजून, धुऊन गेलेलं असतं, म्हणून वरचा थर खऱ्यापेक्षा शुद्ध दिसतो. त्यात मुलाम्याचं सोनं मिसळलं की आकडे पार भरकटतात. बैठकीच्या आतली, मुलामा नसलेली, थोडी खरवडलेली जागा घ्यावी.

---

वृत्रहन

धातू झाला, आता चित्राकडे वळू या. हा माझा आवडता भाग, म्हणून जरा लांब लिहितो.

चित्राचा साचा ठरलेला आहे. घोडा चारी पाय पसरून उडतो. राजाचं धड आपल्याकडे वळलेलं, चेहरा शांत. सिंह अंगावर येतोय याचं काहीच वाटत नाही. मुकुटाच्या चुणीदार फिती मागे उडतात, घोड्याच्या पुठ्ठ्यावरून मोठाले गोंडे लोंबतात. आणि जनावरं बहुधा जोडीने : एक उसळलेलं, दुसरं खुरांखाली मेलेलं. ही दोन जनावरं नसून एकाच शिकारीचे दोन क्षण आहेत, असं वाचायला जागा आहे. रशियातल्या एर्मिताझमधल्या शापूरच्या सिंहतबकावर (व्यास सुमारे २३ सेंमी) हे छान दिसतं. राजा मागे वळून उसळलेल्या सिंहावर बाण सोडतोय, दुसरा खाली निपचित.

जनावरंही उगीच निवडलेली नाहीत. बहराम हे नाव घ्या. पहलवीत, म्हणजे सासानी काळातल्या फारसीत, वरहरान; अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, वेरेथ्रघ्न, म्हणजे आपला वृत्रघ्न. विजयाचा हा देव अनेक रूपं घेतो, त्यातलं एक रानडुकराचं. अवेस्तेतला 'वराझ' आणि संस्कृतातला 'वराह' एकच. मिथ्रा या दुसऱ्या इराणी देवाच्या स्तोत्रात हा विजयाचा देव रानडुकराच्या रूपात मिथ्राच्या पुढे धावतो. मेंढ्याचं तर त्याहून स्पष्ट आहे. घराण्याचा संस्थापक अर्देशीर पहिला याच्या पहलवी चरित्रकथेत राजतेज मेंढ्याच्या रूपात त्याच्यामागे धावत येतं. म्हणजे मेंढ्याची शिकार करणारा राजा तेज हस्तगत करतोय.

---

कंसातला

वृत्रहन, इथे मी अडतो. तेज तुमच्यामागे आपणहून धावत येतं म्हणता, आणि तबकावर राजा त्याच मेंढ्यांवर बाण सोडतो. आपलंच तेज मारायचं? शिवाय हरीण, अस्वल, गवा यांचं काय करायचं? प्रत्येक जनावराला देव चिकटवला की सिद्धान्त कधीच हरत नाही, आणि जो हरू शकत नाही त्याने काही सांगितलंही नाही.

माझ्या मते साधी गोष्ट आहे. इराणी राजे भिंत घातलेल्या वनात, पाळून सोडलेल्या जनावरांची शिकार करत. अशा आवाराचा जुना इराणी शब्द ग्रीकांनी उचलला, त्यातूनच 'पॅराडाइज' आला. इकडचा 'फिरदौस'ही त्याच मुळातला. राजा सिंहाला मारू शकतो, म्हणून राज्य राखू शकतो. एवढा निरोप तबकाने पोचवला की झालं. असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या निनवेतल्या महालात कोरलेल्या सिंहशिकारीही तेच सांगतात, सासान्यांच्या आधी जवळजवळ हजार वर्षं.

---

वृत्रहन

मेंढ्याबद्दलचा आक्षेप मान्य, तिथे मी जरा पुढे गेलो. पण निनवेशी तुलना अर्धीच पटते. असुरबनिपालाच्या भिंतींवर रथ आहेत, पिंजरे आहेत, सैनिक आहेत, प्रेक्षक आहेत. तबकावर राजा एकटा. हाके नाहीत, कुत्रे नाहीत, झाड असलंच तर एखादं. इतकं सगळं काढून टाकलंय म्हणजे तो प्रसंग नाही, तो शिक्का आहे. आणि शापूर दुसऱ्याच्या काळापासून राजाचं चांदीवरचं चित्र म्हणजे शिकार, हे जवळजवळ ठरून जातं. त्याआधी गोलात बसवलेले चेहरे होते, राजपुत्र शिकार करत होते. काळ्या समुद्राजवळच्या क्रास्नाया पोल्याना इथे सापडलेलं, अस्वलांवर चाल करणाऱ्या बहरामाचं तबक त्या आधीच्या टप्प्यातलं, तिसऱ्या शतकाच्या अखेरचं.

---

गुरशिकारी

प्रसंग पाहायचा असेल तर इराणातल्या करमानशाहजवळच्या ताक-ए-बोस्तानला जायला हवं. मोठ्या गुहेच्या दोन्ही भिंतींवर शिकार कोरलीय. डावीकडे रानडुकरं : हत्ती त्यांना दलदलीत हाकतात, राजा नावेतून बाण सोडतो, दुसऱ्या नावेत वीणेसारखं वाद्य वाजवणाऱ्या बायका. उजवीकडे हरणं. बहुतेक जण खुस्रो दुसऱ्याचं म्हणतात, काही पेरोझचं. हाके, माहूत, गर्दी, सगळं दगडात आहे. चांदीवर त्यातलं एक दृश्य उरतं, बाकी गाळलेलं.

हो, 'गूर' म्हणजे रानगाढव. बहराम पाचवा (४२०-४३८) त्याच्या शिकारीवरूनच बहराम गूर झाला.

---

प्रश्नांकित

मग ही तबकं इराणात किती सापडली? फोटोखाली सारखं पर्म, व्याट्का असं काय दिसतं?

---

द्रहम

ती ठिकाणं रशियातल्या उरल पर्वताजवळच्या जंगलपट्ट्यातली. वर आलेलं शापूरचं सिंहतबक १९२७ साली व्याट्का भागातल्या तुरुशेवा गावी मिळालं. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातलं रानडुकराच्या शिकारीचं तबकही त्याच पट्ट्यातलं, पूर्वी स्ट्रोगानोव घराण्याकडे होतं. पर्मकडची जमीन आणि मिठागरं त्यांचीच. दक्षिणेची चांदी उत्तरेत जायची आणि बदल्यात सेबल, मार्टेन अशा लहान जनावरांची मऊ केसाळ कातडी यायची. तिकडच्या लोकांनी ती देवस्थानात ठेवली, भोकं पाडून टांगली. काहींवर सुईने ओरखडून आपली चित्रंही काढली, माणसं नि प्राणी. ते ओरखडे पॉलिश करून घालवणं म्हणजे एका तबकाचा दुसरा अर्धा इतिहास पुसणं.

इराणात नोंद असलेला शोध विरळा. माझंदरानमधल्या सारीचं सिंहशिकारीचं तबक तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तारीख पक्की करणारा शोध मात्र चीनचा. शान्शीतल्या दातोंगजवळ १९८१ मध्ये फेंग हेतू या अधिकाऱ्याची कबर उघडली. तो ५०१ मध्ये वारला, ५०४ मध्ये पुरला. कबरीत बोरूच्या झाडीत रानडुकरांशी भिडलेल्या दाढीवाल्या शिकाऱ्याचं तबक निघालं. म्हणजे ते ५०४ च्या आधीचं, यात वाद नाही. पण त्या माणसाच्या डोक्यावर राजमुकुट नाही. मुकुटाची पद्धत तिथे हात टेकते नि कबरीतला लेख कामी येतो.

---

लगामवाला

घोड्याच्या सरंजामावरूनही तारीख लागते, ते राहिलंच. सासानी तबकांवर रिकीब नसते. स्वाराचे पाय मोकळे लोंबतात, बोटं खाली वळलेली. रिकीब दिसली की तबक बहुधा सातव्या शतकाच्या अखेरचं किंवा त्यानंतरचं. राज्य ६५१ ला संपलं तरी शिकारीचं चित्र संपलं नाही. कास्पियन समुद्राकाठच्या तबरिस्तानात पहलवी लिपीतली नाणी आठव्या शतकापर्यंत निघत होती, तबकंही. रिकीब आहे आणि मुकुट शापूर दुसऱ्याचा, असं काही दिसलं तर एकतर जुन्या चित्राची उशिराची नक्कल, नाहीतर सरळ खोटं.

बाण सोडायची पकडही पाहा. तर्जनी बाणाच्या दिशेने सरळ, दोरी ओढतात ती मधली बोटं. नकल्ये बऱ्याचदा युरोपी पद्धतीने तर्जनीही वाकवतात.

जाता जाता : लगाम, खोगीर, रिकीब, कमान, तीर, शिकार. या तबकाचं वर्णन मराठीत करायला बसलं की अर्धे शब्द त्याच देशाच्या वाटेने आलेले.

---

नाणेसंग्रह

पेरोझचं नाव निघालंच आहे तर महाराष्ट्रापुरती भर. मध्य आशियातल्या हेफ्थाल हुणांशी लढताना तो ४८४ मध्ये मेला. त्याआधी खंडणी म्हणून त्याची चांदीची नाणी हुणांकडे ढिगाने गेली. ती भारतात आली, इथे नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. पश्चिम भारतात सापडणारे गधैया पैसे त्याच मालिकेतले. राजाचा चेहरा झिजत झिजत ठिपके नि रेघा उरला, मागची अग्निवेदी म्हणजे नुसत्या आडव्या ओळी. मुकुट ओळखून राजा सांगायची पद्धत इथे सपशेल पडते, कारण घडवणाऱ्यालाच तो मुकुट आहे हे माहीत नव्हतं.

---

तांबटआळी

नाण्यावरून वजनाचं आठवलं. काही तबकांच्या पाठीवर टिंबाटिंबांनी ठोकलेला पहलवी लेख असतो, मालकाचं नाव आणि वजन. द्रहम म्हणजे सासानी चांदीचं नाणं, साधारण ४ ग्रॅमचं. ८०० ग्रॅमचं तबक म्हणजे सुमारे २०० द्रहम. लेखातलं वजन आजच्या वजनाशी लावून पाहायचं. थोडं कमी भरलं तर गंज आणि झीज. बरंच जास्त भरलं तर बैठक नंतर बसवलेली असू शकते, नाहीतर सुटलेल्या तुकड्यांच्या जागी कुणीतरी नवे भरलेत. लेख खरा की नंतर ठोकलेला, तेही टिंबाच्या खळग्यात दिसतं. जुना असेल तर गंज खळग्याच्या तळापर्यंत सारखाच जातो. नवा असेल तर तळ चकचकीत आणि काठावर गंज फुटलेला.

---

प्रश्नांकित

मग मेंढ्यांच्या तबकाच्या बाबतीत धातूने पेरोझ की कवाध हे सुटेल?

---

कसोटीदगड

नाही. चांदी एकाच साठ्यातली निघाली तरी साठा दोघांनीही वापरलेला असू शकतो. धातू "राजाच्या कामगिरीतलं की बाहेरचं" एवढं सांगतो, वर्ष सांगत नाही. दोन राजांमधला निवाडा करायचा तर पुन्हा मुकुटाच्या बारकाव्यांकडेच यावं लागतं : कोर समोर किती खाली बसलीय, गोळा कोरीत टेकलाय की सुटा आहे, मागचे कंगोरे दाखवलेत की गाळलेत. आणि नाणी त्या त्या टांकसाळीची घेऊन ताडावीत, कारण एकाच राजाच्या नाण्यांवरही मुकुट दर टांकसाळीत थोडा हलतो.